तुळईखालची जागा

दुसऱ्याचं घर, दागिने, साड्या बघून मी कधी जळले नाही. नशिराबादला आमच्या जावेने घरावर मजला चढवला, तेव्हा वास्तुशांतीला पंक्तीत वाढायला मीच होते, आणि मनापासून वाढत होते. पण जळगावच्या आमच्या जुन्या ऑफिसात माझ्या मैत्रिणीचं टेबल ज्या जागेवर होतं, त्या जागेवर मी जळायचे. रोज सकाळी मस्टरवर सही करताना नजर तिकडे जायची.

झालं होतं असं, की आमच्या खोलीच्या छताचा गिलावा सुटत आला होता. कुठे पापुद्रे लोंबत होते, कुठे गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. सबंध खोलीत भक्कम म्हणावी अशी एकच तुळई होती आणि तिच्याखाली एकच टेबल मावायचं. माझी मैत्रीण असोद्याची. माझ्या थोडी आधी नोकरीला लागली, म्हणून ती जागा तिची. माझं टेबल सळयांखाली. मधूनच वरून बारीक खडे पडायचे, फायलींवर, केसांत, एकदा तर उघड्या डब्यात.

"अगं, तुझ्या भाजीला वरून मीठ पडतंय, नशीबवान आहेस," ती तुळईखालून म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले. मनात म्हटलं, तुझ्या वरणात पडू दे एकदा, मग हस.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण विजेचा बोर्डही माझ्याच शेजारच्या भिंतीवर होता. त्याचं झाकण फुटलेलं, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि भिंतीला कायमची ओल. बटणाला बोट लावलं की झिणझिण्या कोपरापर्यंत जायच्या. त्याला आम्ही 'चिमटा' म्हणायचो. मी लाकडी पट्टीच्या टोकाने पंखा लावायला शिकले होते. नवीन माणूस आला, की शिपाई आबा त्याला चहाच्या आधी ती पट्टी दाखवायचे.

तक्रारी आम्ही पुष्कळ केल्या. उत्तर ठरलेलं होतं. इमारत निर्लेखनाच्या प्रस्तावात आहे, सबब दुरुस्तीवर खर्च करता येत नाही. निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेत मोडीत काढणं. मोडीत निघणाऱ्या इमारतीवर पैसा घालायचा नाही, आणि नवीन जागा मिळेपर्यंत ती मोडायचीही नाही. नवीन जागा कधी मिळेल, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. साहेबांच्या केबिनला मात्र प्लायवूडचं खोटं छत होतं, त्यामुळे त्यांना वरचं काही दिसत नव्हतं.

मग धुळ्याच्या ऑफिसला नवी इमारत मिळाली. आम्ही दोघींनी तिथे बदली मागितली. माझं माहेर धुळ्याचं, आई एकटी, माझा हक्क जास्त असं मी धरूनच चालले होते. मैत्रिणीचं तर धुळ्यात कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं. ऑर्डर आली ती तिची. तिने पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाली, "तुझीपण होईल गं." मी म्हटलं, "होईल ना." तो पेढा मी दुपारपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मग मुंग्या लागल्या म्हणून टाकून दिला.

तिकडून तिचे फोटो येऊ लागले. पांढरं छत. लिफ्ट. भिंतीवर लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं, आणि दारावर हिरवा दिवा, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं ते दाखवणारा. आमच्याकडे बाहेर पडायचं दुसरं दार होतं, पण त्याला जुनी कपाटं लावून ठेवलेली होती. मी प्रत्येक फोटोला अंगठा पाठवायचे. रात्री नवरा म्हणायचा, एवढा वेळ छताचा फोटो कसला बघतेस.

एक आशा होती. ती गेली, आता तुळईखालची जागा माझी. साहेब म्हणतील तेव्हा टेबल सरकवायचं, म्हणून मी खालचे खणही रिकामे करून ठेवले. सोमवारी आले तर तिथे नवीन झेरॉक्स मशीन विराजमान झालं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, महागाची वस्तू आहे. वरून काही पडलं तर जबाबदारी कोणाची?"

त्या दिवसापासून मी एका मशीनवर जळू लागले. त्याला धूळ लागू नये म्हणून कव्हर शिवून आणलं होतं. माझ्याकडे छत्री होती, पण ऑफिसात छत्री उघडून बसलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मी ती नुसती जवळ ठेवायचे.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. एकेका कॉम्प्युटरला फूल, कपाटांना कुंकवाचं बोट. झेरॉक्स मशीनला मात्र झेंडूचा घसघशीत हार आणि पुढ्यात नारळ. पूजा आबांच्याच हातची. ते शिंदखेड्याकडचे, नोकरीभर गावाकडे बदली मागून थकलेले, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. नारळ त्यांनी फोडला, पाणी हातावरून ओघळलं. तशाच ओल्या हाताने हळद-कुंकू कालवलं आणि ते माझ्या भिंतीकडे वळले.

"आबा, बोर्ड राहू द्या," मी म्हटलं. "निदान मेन तरी बंद करा."

"मॅडम, बठ्ठासनी पूजा व्हयनी," पूजा झालेल्या सगळ्या यंत्रांकडे हात करत ते हसत म्हणाले. "मंग त्यानीच का बरं नही? सालभर चिमटा लेस. आज हात जोडूत, काही व्हत नही."

आणि त्यांनी बोर्डावर स्वस्तिक काढायला ओलं बोट टेकवलं.

ते ओरडलेही नाहीत. हात बोर्डाला चिकटल्यासारखा राहिला आणि सबंध माणूस थरथरू लागला. मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलून त्यांच्या मनगटावर जीव खाऊन मारली. पट्टी मोडली, ते मागे कोसळले. कुंकू जमिनीभर सांडलं, आणि हाताला जळका वास येत होता. त्यांना आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आबा वाचले. हाताची दोन बोटं मात्र पुन्हा वाकली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी वायरमन आला. जो खर्च इतकी वर्षं करता येत नव्हता, तो झाला. नवा बोर्ड बसला, आपोआप बंद पडणाऱ्या बटणासकट. छताच्या सळया तशाच राहिल्या. मी साहेबांकडे गेले तर म्हणाले, "मॅडम, आता बोर्ड नवीन दिलाय ना तुमच्या शेजारी?"

आबांची बदली झाली. हाताकडे बघून वरच्यांना दया आली असावी, त्यांना धुळ्याला, नव्या इमारतीत हलकं काम दिलं. ऑर्डर आल्याचं कळलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं. ते आबांसाठी नव्हतं.

दिवाळीनंतर आईकडे गेले, तेव्हा ते ऑफिस बघायला गेलेच. आबा तळमजल्यावर लिफ्टपाशी गादीच्या खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले, डाव्या हाताने नमस्कार केला.

"आठे बठ्ठं ब्येस शे मॅडम. गावबी जवळ शे. तुमी कव्हय येतस?"

"बघू," मी म्हटलं.

मैत्रिणीने मला वर नेलं, तिचं टेबल दाखवलं. तिथे कुठेही बसलं तरी चालण्यासारखं होतं. तिच्या मागे पांढराशुभ्र बोर्ड होता. मी उघड्या बोटाने पंख्याचं बटण दाबलं आणि बोट तिथेच ठेवलं. काही झालं नाही.

"काय करतेस गं?" ती हसली.

"काही नाही. छान आहे," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. आबांचा हात डोळ्यांसमोरून हलेना. ती दोन ताठ बोटं आणि ती गादीची खुर्ची. मी माझा उजवा हात मांडीवर ठेवला आणि एकेक बोट ताठ धरून, बाकीच्यांनी पर्सवर टाइप करून बघू लागले. अंगठा नको. पहिली दोन तर नकोतच. करंगळी आणि तिच्या शेजारचं गेलं तरी चालेल.

पारोळा यायच्या आत माझं ठरलंसुद्धा होतं.