लाटा नसलेली जागा

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी एका बापाची तक्रार माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या धावडा गावचे काही मित्र कोकणात समुद्र पाहायला गेले होते. सगळे पट्टीचे पोहणारे. त्यातला एक बुडाला. तिथल्या पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. मुलाचे वडील मात्र आमच्या ठाण्यात आले. "साहेब, ह्यो खून हाय." पोराला ती जागा एका मित्रानेच दाखवली, असे त्यांच्या कानावर आले होते. त्या मित्राशी त्यांचा बांधावरून वाद होता.

मित्राला चौकशीला बोलावले. खोटे बोलणारा माणूस पाठ केल्यासारखे बोलतो. हा अडखळत होता, रडत होता, पण सांगणे बदलत नव्हते.

"व्हय साहेब, मीच म्हन्लो हितं उतर. बाकी समदीकडं लाटा आपटून राह्यल्त्या. तिथं बिलकुल शांत, आपल्या विहिरीवानी. आमी दोघंबी उतरलो."

"मग तू कसा वाचलास?"

"हात गळाले, मंग उताणा पडून राह्यलो. पान्यानं बाजूला नेलं, लाटांनी काठावर फेकलं. त्यो सरळ काठाकडंच हात मारून राह्यल्ता."

शांत पाण्यात पोहणारा बुडतो? मला बनाव वाटला. वरिष्ठांची परवानगी काढून मी त्या किनाऱ्यावर गेलो. जीवरक्षक नाही, धोक्याची पाटी नाही, शिट्टी वाजवायला कोणी नाही. उंचवट्यावरून पाहिले, तर फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध एक गडद, गुळगुळीत पट्टा दिसला. खाली जाऊन त्यात नारळ फेकला. तो बघता बघता खोल समुद्रात गेला. शेजारच्या लाटांत फेकलेला दुसरा नारळ मात्र माझ्या पायाशी परत आला. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी त्या शांत पट्ट्यातूनच मागे जात होते. पोरगा खरे बोलत होता.

वडिलांना बोलावून सगळे समजावले. अशी ओढ लागली की काठाकडे झुंजायचे नसते. तरंगत राहायचे, हात वर करून मदत मागायची, जमेल तसे किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचे. तुमचा मुलगा झुंजला आणि थकला.



"विहिरीत त्याला मीच शिकवलं, साहेब. भ्याव वाटलं की सरळ काठ धर, मीच सांगितल्तं."

मग बाहेर बाकावर बसलेल्या मित्राला त्यांनी हाक मारली. "चल रे, घरी जाऊ."

विहिरीत तेच बरोबर असते, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. त्यांनी नुसती मान हलवली. एक निरपराध पोरगा सुटला, याचा मला मनापासून आनंद झाला. पण खरे कारण शोधून काढले की तपास संपतो, हा माझा समज त्या दिवशी गेला. बापाने त्या दिवसापासून स्वतःलाच आरोपी ठरवले, आणि त्यांना सोडवणारे कलम माझ्याकडे नव्हते.