डांबरगोळीचा मध

माझे दीर देवेंद्र यांना जगातल्या कुठल्याच किड्याची भीती वाटत नाही. माणसांची मात्र भारी वाटते. वाघोडियाच्या एका कारखान्यात ते कारकुनी करायचे, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचे. पण रविवारी सकाळी निजामपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर मुलं जमली की हाच माणूस थांबता थांबत नसे. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून टोचायची, फुलपाखराला छातीच्या मधोमध, नाकतोड्याचे पाय वाळण्याआधीच नीट बसवून घ्यायचे. मी खालून ओरडायची, "भावजी, चहाचं पाणी झालं." ऐकतो कोण.

त्या मुलांत सगळ्यांत चिवट आभा, आमच्या शेजारच्या जयसिंगरावांची नववीतली मुलगी. गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेटीची सगळी देखभाल तिच्याकडे. डंख बसला तरी तोंडातून ब्र काढायची नाही. जयसिंगराव कोर्टात शिरस्तेदार. लोकांच्या साक्षी ऐकण्यात त्यांची उमर गेलेली, त्यामुळे घरातसुद्धा उलटतपासणीच चालायची. ती नव्वदच्या दशकातली वर्षं. नव्या कंपन्या येत होत्या आणि प्रत्येक बापाला आपली मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली दिसत होती. त्यांनी आभाला साफ सांगितलं होतं, "जिल्ह्याच्या शेती-मेळ्यात नंबर आला तर रविवार तुझा. नाही आला तर रविवारीसुद्धा ट्यूशन. किडे बंद."

मेळ्याची अट अशी, की कीटकांचा संग्रह आणि मुलांनी स्वतः काढलेला मध मिळून एकच प्रवेशिका. मध परीक्षक चाखणार, त्याचे वेगळे गुण. आभाच्या कीटकांच्या पेट्या अशा देखण्या झाल्या होत्या की मला, झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणाऱ्या बाईला, त्यांच्यापुढून हलवेना. आणि मधाचं एक अख्खं पोळं, पांढऱ्या मेणाने बंद केलेलं, तिने चौकटीसकट काढून ठेवलं होतं.

आता आमच्या घराविषयी एक सांगायला हवं. घराणं जुन्या संस्थानी नोकरीतलं. आजेसासऱ्यांची दरबारी पगडी, सासूबाईंचे शालू, सगळं ट्रंकांत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं. जे जपायचं ते डांबरगोळीत, हा आमचा कुळाचार. आमच्याकडच्या लग्नात निम्मी मंडळी तोच वास लेवून मिरवतात. कीटकांच्या पेट्यांतही डांबरगोळी लागतेच, नाहीतर मेलेल्या किड्यांना जिवंत किडे खातात. तेव्हा पोळ्याला मेणकिडा लागू नये म्हणून भावजींनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पोळ्याच्या डब्यात त्यांनी गोळ्यांची एक पुरचुंडी प्रेमाने ठेवून दिली.

मेळ्याच्या सकाळी आभाने डबा उघडला आणि मला माझा लग्नातला शालू आठवला.

आभाने पुरचुंडी उचलली, हुंगली, आणि भावजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही पोळं पंख्याखाली ठेवलं, खिडक्या सताड उघडल्या. थोड्या वेळाने मी बोटभर मध जिभेवर घेतला आणि तसाच मोरीत थुंकला. मेणाने वास पिऊन घेतला होता, आणि मेणातून तो मधात उतरला होता.

"मध चाखायला द्यायचा नाही. ते विष आहे," भावजी म्हणाले.

"काका, वास कमी झालाय. परीक्षक एवढासा चमचा घेतील फक्त."

"नाही, आभा."

"मग नंबर येणार नाही. आणि नंबर नाही आला तर..." भावजी म्हणाले, पोळं फक्त दाखवायला ठेवू, परीक्षकांना मी सांगतो. चार माणसांत चष्मा पुसणारे हे, परीक्षकांना सांगणार!

मेळ्याच्या मांडवात जयसिंगराव आमच्या आधी हजर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. त्यांच्या कानावर यातलं काहीच गेलं नव्हतं. परीक्षक एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, गुजराती. हातात चमच्यांचा पेला घेऊन एकेका टेबलापाशी थांबत त्या येत होत्या. भावजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तितकीच दयाही येत होती.

बाई आल्या. पेट्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या. एका चतुराच्या पंखावर वाकून म्हणाल्या, "बहु सरस." जयसिंगरावांची मान जराशी ताठ झाली. मग बाईंनी पोळ्यावरचं फडकं बाजूला केलं आणि चमचा मेणात घातला. आभा खाली बघत होती. चमचा वर आला. भावजींचे ओठ हलले, आवाज नाही. मी पुढे होणार, तोच ते एकदम म्हणाले, "बेन, ए खाशो नहीं."

"केम?" बाईंनी कारण विचारलं.

"डांबरगोळी. मधात उतरली आहे," भावजी मराठीतच बोलून गेले, पण बाईंना कळलं. त्यांनी चमचा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"कोणे मूकी?" कुणी ठेवली, असं बाईंनी विचारलं.

"में," आभा चटकन म्हणाली. "मारी भूल छे."

जयसिंगराव पुढे झाले. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, भावजींकडे पाहिलं. त्या क्षणी भावजी गप्प राहिले असते तरी त्यांना कुणी विचारलं नसतं. पोरीनेच कबूल केलं होतं.

"ती खोटं बोलतेय," भावजी म्हणाले. "गोळ्या मी ठेवल्या. तिला न विचारता ठेवल्या. जयसिंगराव, नंबर माझ्यामुळे गेला."

बाईंनी मधाच्या गुणांवर काट मारली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. आभाचे डोळे भरले होते.

"म्हणजे रविवार बंद," ती बापाला म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

जयसिंगरावांनी चतुराच्या पेटीवर वाकून पाहिलं. मग भावजींना म्हणाले, "देवेंद्रराव, स्वतःला सांभाळून साक्ष देणारे रोज बघतो मी. तुम्ही तशी दिली नाहीत. माझी मुलगी आत्ता भर मांडवात खोटं बोलली. तिला नुसत्या ट्यूशनला घालून भागायचं नाही. रविवारी तुमच्याकडेच पाठवावी लागेल."

भावजी हुंदके देऊन रडायला लागले, आणि चष्मा पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.