बिनबंदुकीचे सुभेदार

आमचे शेजारी सुभेदार फौजेत बंदूक चालवायला गेले आणि नोकरीभर कर्ण्यात बोलत राहिले. घरी मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. माझ्याकडे मासळी घ्यायला आले तरी वाकून विचारायचे, "ताजी हाय ना गो?" मी चिडवायचे, "सुभेदार, मी बोंबील विकते, गुपितं नाही!"

सीमेवर त्यांचं काम म्हणजे पलीकडच्या गावांत संशय सोडणं. "गाव आधी आतनं फोडायचा, फौज मागनं जाते," ते सांगायचे. "आणि निव्वळ खोटं टिकत न्हाय. खऱ्यात कालवायचं." पलीकडचा एक मुखिया चुकलेल्या बकऱ्या न्यायला आला आणि आपल्या जवानाशी हात मिळवून गेला. एवढं खरं. तो फितूर झालाय, हे सुभेदारांनी कर्ण्यावरून त्याच्याच बोलीत पसरवलं. त्याच्याच माणसांनी त्याला घरासकट जाळलं. सुभेदारांना शाबासकी मिळाली. हे सांगताना ते कोरडे हात लुंगीला पुसत राहायचे.

गेल्या वर्षी सगळ्यांच्या मोबाइलवर आमच्याच बंदरावरच्या बोटवाल्या हसनभाईंचा फोटो आला. समुद्रात कुणी पाणी मागितलं तर बोट कुणाची हे विचारायचं नाही, ही आमची रीत. हसनभाईंनी एका परक्या बोटीला पाण्याचा कॅन दिला होता. फोटो खरा. खाली लिहिलेलं, हा शत्रूची माणसं किनाऱ्यावर उतरवतो. कुठल्या मेल्याने लिहिलं, देव जाणे! दुसऱ्या दिवशी लिलावात त्यांच्या मासळीवर कुणी बोली लावेना, बर्फवाला बर्फ देईना.

तेव्हा सुभेदार लिलावाच्या मधोमध उभे राहून ओरडले, "अरे, ह्यो माझाच धंदा व्हता! मी असाच एक माणूस मारलाय!" जळलेल्या घरापर्यंत सगळं सांगितलं त्यांनी. मला वाटलं, आता तरी लोक शुद्धीवर येतील. तर मागून कुणीतरी म्हणालं, "जन्मभर खोटं बोलून पगार घेतलात. आज खरं बोलताय कशावरून?" लोक हसले. सुभेदार खाली बसले.

हसनभाई बोट विकून मुलीकडे गेले, ते परत आलेच नाहीत. सुभेदारही फार जगले नाहीत. शेवटी शेवटी ते पलीकडच्या त्या बोलीतच पुटपुटायचे. शब्द कळत नव्हते, पण ते विनवण्या करतायत हे कळायचं, आणि मला तिथे बसवत नसे.

परवा माझा नवरा समुद्रावरून आला तो ताटातला भात चिवडत बसला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, एका बंद पडलेल्या बोटीवरची माणसं रिकामे कॅन हलवत होती.

"मग, दिलं ना पाणी?"

"फोटो काढला असता कुणी तर?" त्याने ताट सरकवलं. "मागं वळून बघितलं न्हाय मी. पण लांबपर्यंत हाका आयकू येत व्हत्या."