पालखीचं वेबपान

शाळा माझी सातवीला सुटली. पुढचं जे काय शिकले ते चुलीपाशी बसून, त्यातच हेही. लेकाने जुना लॅपटॉप घरी टाकला होता, त्यावर वेबपानं बनवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. डावीकडे एचटीएमएलचे टॅग लिहायचे, उजवीकडे पान दिसतं. जाड अक्षराचा टॅग उघडला की बंद करायचा, नाहीतर पुढचं सगळं जाड येतं. तव्यावर भाकरी टाकून बघायला यायची मी. करपल्या काही, असू दे.

पान केलं ते शिमग्याच्या पालखीचं. इंटरनेटवर लेकानेच चढवून दिलं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला. अर्धी घरं मुंबईला. पालखी कुणाच्या दारी कधी, हे विचारायला सारखे फोन, कारण कुलूपबंद दारापुढे ती थांबत नाही. माझे धाकटे दीर मुंबईत वॉचमन. गेल्या शिमग्यात त्यांच्या दारापुढून ती तशीच गेली, ते त्यांना फार लागलं होतं. यंदा त्यांनी माझं पान बघून शनिवारची रजा घेतली.

मग वरच्या वाडीत सुतक आलं. गावाने बसून ठरवलं, खालची, आमची वाडी आधी. म्हणजे दिरांचं घर शुक्रवारी. मी पानावर बदल केला, सेव्ह केलं आणि गेले सरपणाला.

गुरुवारी त्यांना फोन लावला. "निघालात ना भावजी?"

"आज कशाला? पालखी शनवारी हाय."

"शुक्रवारी. पान बघा."

"बघूनच सांगतोय वैनी. शनवार लिवलाय."

"चष्मा पुसा."

"तुझाच पूस गो."

माझ्या पडद्यावर शुक्रवार, त्यांच्या फोनवर शनिवार. दोघंही खरे. सेव्ह केलेलं माझ्या लॅपटॉपातच राहतं, इंटरनेटवर परत चढवावं लागतं, हे तेव्हा लेकाला विचारल्यावर कळलं. चढवलं. पण गेटवर त्यांच्या जागी उभा राहणारा माणूस शनिवारचाच ठरला होता.

मुंबईकरांच्या चाव्या आमच्याकडेच असतात, पण गेल्या वर्षी हे सुचलंच नव्हतं. शुक्रवारी मी त्यांचं दार उघडलं, अंगण सारवलं, नारळ ठेवला. पालखी थांबली.

ते शनिवारी आले. उंबऱ्यावरच्या गुलालाला बोट लावून बघितलं. "थांबली ना?"

"थांबली."

"मग झालं. वाढ जेवायला."

आता पानावर काही बदललं की आधी त्यांनाच फोन लावते. "भावजी, काय दिसतंय ते वाचा." ते घसा खाकरून सगळं वाचतात, पार शीर्षकापासून.