लाइट गेली नव्हती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्याकडून मला काही नकोय. सहानुभूती तर मुळीच नको.

आधी माझ्या मतांविषयी. व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मी किती तावातावानं बोलतो, ते माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हल्लीचे गेम म्हणजे साखरेचं पाणी. मेलात तरी मेलात तिथूनच उठायचं. आणि गोष्ट कसली? दर दोन पावलांवर कुणीतरी येऊन आपली कर्मकहाणी ऐकवणार. आमच्या वेळचे गेम अवघड होते, ते माणसाला घडवायचे – हे वाक्य मी लग्नाकार्यात, ऑफिसात, भाच्यांसमोर, सगळीकडे फेकलंय. मला त्या वाक्याची किळस येते. घडवायचे म्हणे. मला काय घडवलं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. पनवेलला एका चाळवजा इमारतीत, पहिल्या मजल्यावर, आमच्या दोन खोल्या. मी नववीत बरे मार्क मिळवले म्हणून मामानं मुंबईहून टीव्हीला जोडायचा गेम आणला. सोबत एकच कॅसेट. तिच्यावरची अक्षरं जपानी की चिनी, देव जाणे. आम्हाला एक शब्द वाचता यायचा नाही. चौकोनी डोक्याचा एक माणूस नदीच्या काठानं चालायचा, एकेक किल्ला पार करायचा. जीव संपले की पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून. तिसऱ्या किल्ल्यात एक पूल होता, पाय ठेवला की फळ्या खाली पडायच्या. त्या पुलावर मी किती वेळा मेलो? मेलो की गेमचा रिमोट आपटायचो. एकदा त्याचा कोपरा फुटला, तेव्हा आईनं मलाच फोडून काढलं.

आणि मग ताई.

ताई माझ्याहून मोठी. बारावी झाली, तिला पुढे शिकायचं होतं. बाबा म्हणाले, आता स्थळंच बघायचीत, कॉलेज कशाला? ती घरात बसली. दुपारी आई झोपली की ती गेम लावायची, आवाज पार बारीक करून. मला हे बरेच दिवस कळलंच नव्हतं. शाळा लवकर सुटली त्या दिवशी घरी आलो, तर ती पाचव्या किल्ल्यात होती.

पाचव्या.

ती रिमोट आपटायची नाही. मेली की स्वतःशी हसायची, ओढणीनं हाताचा घाम पुसायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. वाचता येत नव्हतं म्हणून तिनं गोष्टही स्वतःच रचली होती. हा माणूस म्हणजे आपट्याचा होडीवाला. आमचं आजोळ आपटा, पाताळगंगेच्या काठी. राजानं त्याची होडी ओढून नेली, आणि हा ती परत आणायला निघालाय. काठी घेऊन आडवा येणारा तो तलाठी. वटवाघळं म्हणजे तलाठ्याचे नातेवाईक. ‘आणि शेवटी मिळते होडी?’ मी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘तिथवर गेल्याशिवाय कसं कळेल?’

त्या गोष्टीइतकी चांगली गोष्ट मला नंतर कुठल्याच गेममध्ये भेटली नाही. मी काय केलं? ती शाळेत माझी म्हणून सांगितली. पोरं मधल्या सुट्टीत माझ्याभोवती गोळा व्हायची. मी शेवटच्या किल्ल्यात पोचलोय, हेही सांगून टाकलं. एकदा खोटं चाललं की थांबायचं कशाला?

आता ती दुपार. इतका वेळ मी घोटाळतोय तो तिथं यायचं टाळायलाच.

ताईचं लग्न ठरलेलं होतं, मुलगा रोह्याकडचा. मी घरात शिरलो तेव्हा ती टीव्हीसमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेवटचा किल्ला. राजा समोर, आणि त्याच्या मागे – खरंच – पाण्यावर काहीतरी हलत होतं. मागे न वळता ती म्हणाली, ‘अवी, बस इथं. होडी दिसतेय बघ.’

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला तिची पाठ दिसत होती आणि वाटत होतं, गेम माझा आहे. मार्क मी मिळवले. पोरांना मी सांगितलंय. ही कोण?

दप्तर खाली राहिलंय, असं काहीतरी पुटपुटलो आणि जिना उतरलो. जिन्याखाली सगळ्यांचे मीटर होते. आमच्या मीटरचा स्विच मी खाली ओढला.

वर आलो. टीव्ही काळा. पंखा हळूहळू थांबत होता. ‘लाइट गेली,’ मी म्हणालो.

ताई छताकडे बघत होती. वरच्या काकूंचा मिक्सर घरघरत होता.

‘काकूंकडे आहे,’ ती म्हणाली.

‘मग आपला फ्यूज उडाला असेल.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं का? मला आजही माहीत नाही. कळलं असेल तर ती गप्प बसली, आणि नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवला – यातलं काय जास्त वाईट? तिनं रिमोटची वायर नीट गुंडाळली. म्हणाली, ‘जा, बघून ये.’

मी गेलो, स्विच वर केला. चांगलं काम केल्यासारखा परत आलो. ती चहा टाकायला उठली होती. तिनं तो गेम पुन्हा कधी लावला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर पोरपणा म्हणून सोडून देता आलं असतं. संपलं नाही. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, ‘संपवलास का रे तो? मिळाली होडी?’

मी तिसऱ्या किल्ल्याच्या पुढे गेलोच नव्हतो. म्हणालो, ‘संपवला. होडी बुडते.’

का? मिळाली, असं सांगता आलं असतं. तेही खोटंच, पण ती हसली असती. माझं काय जाणार होतं? काही नाही. पण तिला ते द्यावंसं मला वाटलं नाही. तेव्हा तर कुणी पोरंही बघत नव्हती. मी शुद्धीवर होतो, आणि मला ते वाक्य बोलताना बरं वाटलं.

‘बुडते होय,’ ती म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणाच्या पंगतीत पोरं गेमविषयी बोलत होती. ताई कौतुकानं म्हणाली, ‘तुमच्या मामानं त्या काळात सबंध गेम संपवला होता. मला नाही जमलं. शेवट मला त्यानंच सांगितला.’

‘काय होता गं शेवट?’ मुलीनं विचारलं.

‘होडी बुडते.’

‘शी. एवढं खेळून?’

‘असतं तसं,’ ताई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. ‘हो ना रे?’

मी ‘हो’ म्हणालो आणि आणखी एक जिलबी वाढून घेतली.