फळीवरची रॉयल जेली

बजाजनगरात माझ्या शेजारी राहणारा कामगार रोज ड्यूटीवर जाताना माझ्याकडे येतो. रॉयल जेलीच्या गोळ्यांची बाटली त्यानं माझ्या फळीवर ठेवली आहे. मूल होत नाही म्हणून तपासणी केली, त्यात दोष त्याचाच निघाला. आईला त्यानं हे सांगितलेलं नाही.

"राणीमाशीचं खाणं हाय मावशी, लई ताकद येते," म्हणत तो गोळी गिळतो, पेला विसळून पालथा घालतो.

परवा त्याच्या आईनं सुनेला वांझ म्हणून कन्नडला माहेरी धाडलं. हा दारात गप्प उभा होता. काल आला तेव्हा मी बाटली त्याच्या हातात दिली.

"ताकद आली असंल तर आईपुढं खाऊन दाखव."

त्यानं गोळी गिळली, पेला विसळला आणि बाटली परत फळीवर डब्यामागं सरकवली.