पाचुंद्यांनी मोजलेले करकोचे

आमचं गाव तिसगावच्या अंगाला, आणि गावाच्या खालच्या बाजूला एक जुना तलाव. पावसाळा सरला की पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा टाकतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी सावकाश हटलं तर खालच्या ओलीवर पीक निघतं. झपाट्याने आटलं तर गाळ भेगाळतो आणि बियाणंही जातं.

बहात्तर साली पाऊस असा झालाच नाही. एका रात्रीच्या वळवाने तलावात थोडं पाणी आलं, तेवढंच. दसऱ्याला ऊसतोडीचा मुकादम दारात आला. कोपरगावकडे टोळी न्यायची होती. सासरे त्याला म्हणाले, "दिवाळी हू दे. पाखरं काय म्हनत्यात ते बघतो."

त्यांचा हिशेब सरळ होता. करकोचे दिवाळीच्या सुमाराला लांबच्या मुलखातून येतात. तलावावर ते मुक्कामाला बसले, तर पाणी संक्रांतीपर्यंत टिकणार. मग गाळपेर करून घरीच राहायचं. नाही बसले, तर गाडी जुंपून सगळ्यांनी तोडीला जायचं.

मला पाचवा महिना होता. आदल्या हंगामात तिकडेच, उसाच्या वाळल्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, माझा पहिला मुलगा झाला होता. माघाची थंडी, पाचटातून वारा आत येई. त्याची पाचवी पुजायच्या आधीच तो गेला. मालकांनी त्याला पाटाच्या कडेला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नवराबायको उसाच्या फडात गेलो. तेव्हापासून कुणी नुसतं कोपरगाव म्हटलं तरी मी हातातलं काम टाकून आत जाई.

पाखरं मोजायचं काम माझ्याकडे आलं. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मालक चाऱ्यासाठी रानोमाळ हिंडत होते, आणि मला जड काम सांगत नव्हते. सासऱ्यांशी मी बोलत नसे. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. जे काही ते सासूबाईंच्या मार्फत. सासऱ्यांनी मला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाईंना सांगितलं, "तिला म्हनावं, एकएक मोजू नगं. उडाली की चुकतंय. कडबा मोजतो तशी पाचुंद्यानं मोज."

पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. पाच पाखरं एका नजरेत मावतात, हे खरं होतं.

सकाळी शेणाची पाटी घेऊन मी तलावाच्या बांधावर जाई. चढताना मान वर करत नसे. वर पोचेपर्यंत करकोच्यांचा आवाज आला नाही तर मी मधेच थांबे. आवाज आला तरी थांबे. मग हळूच नजर उचलायची. करड्या अंगाचे, काळ्या मानेचे, डोळ्यामागे पांढरा तुरा असलेले उंच पक्षी पाण्यात उभे असत. पहिल्या दिवशी चारच पाचुंदे होते.

घरी आल्यावर सासरे ओसरीवरून विचारत, "किती म्हनती?"

"चार पाचुंदे म्हनती," सासूबाई सांगत.

"करकोचे का बदकं?"

सासूबाई चुलीकडे तोंड करून, "करकोचे का बदकं गं?"

मी दाराआडून, "करकोचे."

"करकोचे म्हनती. अन् तुमाला ऐकू गेलंय की. मला कशाला मदी घालता?"

"चौथी शिकल्याली सून हाय. बराबर मोजलं आसंल."

दुसऱ्या दिवशी जास्त होते. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. दिवाळी सरली तेव्हा एका बोटाला एक पाचुंदा धरत दोन्ही हातांची बोटं संपून मी पायाच्या बोटांवर आले होते. आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटे, मनाला हवं ते डोळा दाखवत असेल. म्हणून पुन्हा मोजायची. पुन्हा तेवढेच. कधी सगळा थवा एकदम उठे आणि डोक्यावर गोल गोल फिरू लागे. मी खाली बसून पोटाभोवती हात घट्ट आवळी. पाखरं परत खाली उतरेपर्यंत तशीच बसून राही.

सासऱ्यांनी मुकादमाला निरोप धाडला की आम्ही येत नाही. राखून ठेवलेला हरभरा गाळात टाकला. सासूबाई म्हणाल्या, "देवाचा कौल ऐकला हुता, आता पाखरांचा बी आला."

मग एके दिवशी पिंजारीचाचा आले. थंडीच्या तोंडावर ते गावोगाव फिरून गाद्यागोधड्यांचा कापूस पिंजून देत. त्या साली काम कमीच होतं, पण सासूबाईंनी बाळासाठी म्हणून जुन्या गादीतला कापूस त्यांच्यापुढे टाकला. धनुकलीचा टणटण आवाज चालला होता. मी आत भाकरी थापत होते.

"तळ्यावर लई पाखरं बसली तुमच्या," चाचा म्हणाले.

"बसनारच," सासरे म्हणाले. "पानी बघून बसत्यात ती."

"वरली दोन्ही तळी कोरडी पडली, बाबा. मी तिकडनंच आलो. तिथली पाखरं जानार कुठं?"

"पानी हाय म्हनूनच हितं आली ना?"

"आली की. बाजारादिवशी एकच हाटेल उघडं आसलं तर गर्दी हुतीच. म्हनून काय त्याच्याकडं दूध जास्त आसतंय?"

धनुकली चालूच राहिली. माझ्या हातातली भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटली.

दुसऱ्या दिवशी बांधावर मी पाखरं मोजली नाहीत. त्यांचे पाय बघितले. सुरुवातीला करकोचे कडेकडेने उभे राहत. आता ते ऐन मध्यावर उभे होते, आणि तिथेही पाणी त्यांच्या गुडघ्याखाली होतं. इतके दिवस मी माना मोजत आले होते, पायांकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. जितकं पाणी उथळ, तितकी त्यांना उभं राहायला जागा जास्त. मी घरी जाऊन आकडा सांगत होते आणि घर त्यावर खूश होत होतं. पाटी तिथेच ठेवून मी परत आले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आवाजच नव्हता. तलावाच्या मध्ये चिखल होता आणि त्यावर पावलांचे ठसे. हरभरा बोटभर वर आला होता, त्याच्या मुळाशी गाळाला भेगा पडल्या होत्या.

मुकादमाने अजून जागा आहे म्हणून सांगितलं. त्या रात्री सासऱ्यांनी जेवताना सासूबाईंना सांगितलं, "परवा निघू. तिला म्हनावं, भांडी बांधून ठेव."

सासूबाई माझ्याकडे वळायच्या आधीच मी बोलले. "मी येनार न्हाई."

पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला होता. लग्न झाल्यापासून मी त्यांना उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. मालक घास हातात धरून बसले. सासऱ्यांनी मान वर केली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं का? आता मला सांगायला नगं."

"हितं ऱ्हाऊन खानार काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"रस्त्याचं खडीचं काम निगालंय," सासूबाई म्हणाल्या. " मी फोडीन. ती घरी ऱ्हाईल. एक गेलं तिकडं, तेवढं पुरं झालं."

तोडीला नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते. एकट्या पुरुषाला कुणी घेत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला वाटलं आता सासरे मालकांनाच विचारतील आणि मालक माझ्याकडे बघतील. तसं झालं तर मला पुन्हा नाही म्हणता आलं नसतं.

सासऱ्यांनी ताटात हात धुतला. "मोळ्या बांधायला डोळे कशाला लागत्यात," ते म्हणाले. "मी जातो ह्याच्यासंगं."

परवा पहाटे गाडी गेली. त्यानंतर माझी भीती गेली नाही, तिने फक्त माणूस बदलला, आता ती सासऱ्यांसाठी होती. तिकडून कुणी आलं की मी दाराआड उभी राहून ऐके. फाल्गुनात घरातच मुलगी झाली, सासूबाईंच्या हातांवर. ती रडली तेव्हा मला आधी खरंच वाटेना.

चैत्र सरता सरता दोघे परत आले. सासऱ्यांनी ओसरीवर मांडी घातली आणि मुलीला मांडीवर मागितलं. उसाच्या फडात मोळी बांधताना न दिसलेला कोयता लागून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो हात त्यांनी धोतराखाली ठेवला होता, आणि उजव्या हाताने ते मुलीचा चेहरा चाचपत होते.